आपल्याच शरीराचे अनोळखी शब्द

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात पायांतले बळ अचानक गेलेले रुग्ण रुग्णालयांत दाखल होऊ लागले. गीयाँ-बारे सिंड्रोम हे नाव तोवर शहरातल्या फार थोड्यांच्या कानावर पडले होते; ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे मात्र आठवडाभरात घराघरांत पोहोचली. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पाण्याचे नमुने तपासले गेले, टँकर आले, पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. वृत्तपत्रांनी या सगळ्याचे वार्तांकन नेटाने केले. त्या काळातले अंक आता पुन्हा चाळताना मात्र एक गोष्ट बोचते. हा आजार शरीरात नेमका कशाला होतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर मराठी वृत्तपत्रांनी रोज वेगवेगळ्या शब्दांत दिले. कुठे तो ‘नसांचा’ आजार होता, कुठे ‘मज्जातंतूंचा’, कुठे ‘चेतासंस्थेचा’, तर कुठे चक्क ‘स्नायूंचा’. आमच्याच पानांवर एका आठवड्यात यांतले तीन शब्द छापून आले. त्यांतला एक प्रस्तुत प्रतिनिधीच्या बातमीत होता, आणि तो चुकीचा होता.

चूक ‘स्नायू’ या शब्दाची होती. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा, एखाद्या जंतुसंसर्गानंतर, चुकून स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि मेंदू व मेरुरज्जूपासून हातापायांकडे जाणाऱ्या तारांवर हल्ला चढवते. पुष्कळदा या तारांवरचे मेदाचे वेष्टण सोलले जाते. मेंदू शाबूत असतो, तो आज्ञा सोडतो. स्नायूही मुळात धडधाकट असतो, तो आज्ञेची वाट पाहतो. मधली तार तुटल्यामुळे आज्ञा पोहोचत नाही, आणि पाय लुळा पडतो. दुबळेपण दिसते स्नायूत, बिघाड असतो तारेत. हा फरक केवळ पंडिती नव्हे. ‘स्नायू कमजोर झाले’ असे वाचणारा माणूस तेलाने मालीश करील, दोन दिवस विश्रांती घेईल. पायांत आलेल्या मुंग्या आणि वर वर सरकणारा अशक्तपणा म्हणजे तारांवरचा हल्ला असू शकतो आणि तो श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर कृत्रिम श्वसनयंत्र लागते, हे ज्याला कळले तो त्याच रात्री रुग्णालय गाठेल.

मग त्या तारेला मराठीत म्हणायचे तरी काय? इंग्रजीत ‘नर्व्ह’ हा एक शब्द आहे आणि तो प्राध्यापकापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांना पुरतो. मराठीत आजच्या शालेय पुस्तकांत ‘चेता’ आहे. चेतापेशी, चेतासंस्था हे शब्द दहावीचा विद्यार्थी पाठ करतो. त्याच्या आईवडिलांनी ‘मज्जातंतू’ आणि ‘मज्जासंस्था’ वाचलेली असते. मराठी विश्वकोश उघडावा तर तिथे ‘तंत्रिका’ भेटते. आणि घरात आजी म्हणते, ‘शीर आखडली’. ही शीर म्हणजे कधी रक्तवाहिनी असते, कधी नर्व्ह, कधी टाचेमागचा दोरीसारखा भाग. इंजेक्शनही शिरेत देतात, कंबरेतही शीर दबते आणि रागानेही कपाळावरची शीर उडते. एका शब्दाच्या अंगावर इतकी कामे टाकल्यावर त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

‘मज्जातंतू’ या शब्दाची कथा तर अधिक विचित्र आहे. आयुर्वेदाने सांगितलेल्या सात धातूंत अस्थीनंतर मज्जा येते. ती हाडाच्या पोकळीतली मऊ वस्तू. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला रज्जूही हाडाच्या कवचात बंद आणि स्पर्शाला मऊ, म्हणून त्यालाही मज्जा म्हणण्याचा मोह कोशकारांना झाला असावा. इंग्रजीतही एके काळी कण्यातल्या रज्जूला ‘मॅरो’ म्हणत. पुढे तिकडे तो शब्द सुटला, आपल्याकडे चिकटून राहिला. याचा परिणाम आज दिसतो. रक्ताच्या काही कर्करोगांत आणि थॅलेसेमियात ‘अस्थिमज्जा प्रत्यारोपण’ करतात. त्यासाठी दाता हवा असतो आणि कित्येकदा तो घरातच असतो. पण ‘मज्जा काढणार’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर मज्जारज्जू उभा राहतो, त्याला वाटते की पाठीच्या कण्यात सुई खुपसतील आणि आपण पांगळे होऊ. प्रत्यक्षात ही मज्जा घेतात ती बहुधा कंबरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून, आणि मेरुरज्जूचा तिच्याशी काही संबंध नसतो. अनेक ठिकाणी तर आता दात्याच्या रक्तातूनच मूळपेशी वेगळ्या काढतात. डॉक्टर हे समजावून सांगतात, पण त्यांच्या आधी शब्दाने आपले काम करून ठेवलेले असते.

घोटाळा एका शब्दापुरता असता तर हसून सोडून देता आला असता. पण शरीराचे जे सर्वांत प्राथमिक घटक, त्यांचीच नावे आपल्या देशात पाळत बदलत आली आहेत. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सेल, सजीवाचा सर्वांत लहान एकक. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू. सेलला तिथे ‘कोशिका’ म्हणतात. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मसल. हिंदीच्या वैद्यक परिभाषेत ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध, लिगामेंट. आणि बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी रूढ आहे. संस्कृतातून आलेला एकच शब्द कोलकात्यात वीज वाहतो, भोपाळमध्ये सांधा बांधतो आणि पुण्यात वजन उचलतो! सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी, ९०० स्नायू, ७०० सिरा आणि २४ धमन्या मोजल्या आहेत. तिथली पेशी मांसाची आहे आणि स्नायू हा दोरीसारखा बंध आहे. म्हणजे मूळ अर्थाच्या जवळ हिंदी राहिली. मराठीने दोन्ही शब्द उचलून भलत्याच खुंट्यांना टांगले, आणि मग ते इतके घट्ट बसले की आता काढणे शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही.

हे सगळे भाषाशास्त्राच्या वर्गात शोभून दिसले असते. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदवीच्या १५ टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जो निवासी डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदा पाहतो, तो अनेकदा दुसऱ्या राज्यातून आलेला असतो. तो मेहनती असतो, कामापुरती मराठी शिकतोही. पण त्याच्यासमोर बसलेली परभणीची बाई ‘स्नायू दुखतात’ म्हणते तेव्हा ती जे सांगते आणि तो जे ऐकतो त्यांत अंतर पडण्याची सोय भाषेनेच करून ठेवली आहे.

बाहेरून आलेल्यांचे सोडा, राज्याच्या आतही एकवाक्यता कुठे आहे? वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आणि बालभारती या दोन्ही महाराष्ट्र शासनाच्याच पंखाखालच्या संस्था. विश्वकोशात कोशिका, ऊतक, वृक्क, अग्निपिंड. शाळेच्या पुस्तकांच्या परंपरेत पेशी, ऊती, मूत्रपिंड, स्वादुपिंड. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत तर दोन पिढ्यांत फाळणी आहे: पूर्वीचे विद्यार्थी ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ शिकले, आताचे ‘धमनी’ आणि ‘शिरा’ शिकतात. विश्वकोशातले लेख त्या त्या विषयांतल्या जाणत्यांनी कष्टाने लिहिले आहेत, त्यांचे मोल कमी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला तेव्हा हे काम करणारे दुसरे कोणी नव्हते. पण शाळेत ‘स्वादुपिंड’ शिकलेल्या मुलाला मधुमेहाची माहिती विश्वकोशात शोधताना ‘अग्निपिंड’ हा वेगळाच अवयव वाटावा, ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नसली तरी कोणी सुधारलेलीही नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने ‘शरीर परिभाषा कोश’ काढला, तोही याच दुहीत आणखी एका बाजूने भर घालून राहिला. आयुर्वेद महाविद्यालयांतली परिभाषा पुन्हा निराळी. तिच्यावर कोलकात्याच्या गणनाथ सेन यांच्या १९१३ च्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथाची छाया आहे.

मराठीत हे काम उशिरा सुरू झाले असेही नाही. मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली १८२६ मध्ये एतद्देशीयांसाठी वैद्यक शाळा निघाली आणि तिथे देशी भाषांतून शिकवले जाई. ती १८३२ मध्ये बंद पडली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये इंग्रजीतून सुरू झाले, पण तिथेही १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती वर्ग उघडावे लागले. कारण खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांना माणसे हवी होती. म्हणजे शरीररचना मराठीतून शिकवण्याचा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. तो वाढला नाही याचे कारण भाषेचे दौर्बल्य नव्हे. प्रतिष्ठेची पदवी इंग्रजीत आणि दुय्यम नोकरी देशी भाषेत, अशी विभागणी झाल्यावर दुसऱ्या बाजूची परिभाषा कोण घडवत बसणार?

याच्या उलट उदाहरण जपानचे आहे, आणि तेही नेमके ‘नर्व्ह’ या शब्दाचे. १७७१ मध्ये एदो शहरात (आजचे टोकियो) सुगिता गेनपाकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मृतदेहाचे विच्छेदन पाहिले. हातात शरीररचनेचे एक डच पुस्तक होते. त्यातली चित्रे समोरच्या देहाशी तंतोतंत जुळत होती आणि परंपरेने शिकलेले जुळत नव्हते. डच भाषा जेमतेम येत असताना त्यांनी ते पुस्तक भाषांतरित केले. १७७४ मध्ये ते छापले गेले. नर्व्हसाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हता. त्यांनी ‘शिनकेइ’ असा नवा घडवला, आणि तो केवळ जपानमध्ये नव्हे तर चीन आणि कोरियातही आज आपापल्या उच्चाराने वापरात आहे. त्यांच्या शब्दात काही जादू नव्हती. एक शब्द ठरला आणि पुढच्यांनी तो मोडला नाही, एवढेच.

युरोपही या गोंधळातून गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीररचनाशास्त्रात सुमारे ५० हजार नावे प्रचारात होती. एकेका अवयवाला देशागणिक आणि प्राध्यापकागणिक नाव. १८९५ मध्ये बाझल येथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी त्यांची छाटणी करून सुमारे पाच हजार नावे ठेवली. त्यानंतरही सुधारणा होत राहिल्या. १९९८ मध्ये ‘टर्मिनॉलॉजिया अनाटोमिका’ ही आंतरराष्ट्रीय सूची आली. आपण ज्या लॅटिनच्या दडपणाखाली वावरतो ते लॅटिन मुळात किती घरगुती आहे, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. ‘मसल’ म्हणजे छोटा उंदीर. दंडाची बेटकुळी हलते तशी. (आपल्याकडे बेडूक, त्यांच्याकडे उंदीर, इतकाच फरक.) ‘टिबिया’ म्हणजे बासरीसारखे वाद्य. ‘पेल्व्हिस’ म्हणजे घंगाळ. ‘पॅटेला’ म्हणजे लहानशी थाळी, आणि मराठी माणूस शतकानुशतके ‘गुडघ्याची वाटी’च म्हणत आला आहे. कण्याच्या टोकाच्या हाडाला ग्रीकांनी कोकिळेच्या चोचीवरून नाव दिले, आपण ‘माकडहाड’ म्हणालो. ‘आर्टरी’ या शब्दामागे तर जुनी चूक दडलेली आहे: मृतदेहात या वाहिन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असा प्राचीनांचा समज होता. आणि आपली ‘धमनी’? तीही भात्याप्रमाणे फुंकण्याच्या धातूवरून आलेली. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केल्यावरही दोन्ही शब्द टिकले. शब्द शास्त्रशुद्ध असावा लागतोच असे नाही. तो एकच असावा आणि सर्वांचा असावा, हे मात्र लागते.

आमच्या कोशकारांची चूक झाली असेल तर ती इथे. नडगी, खुबा, घोटा, पोटरी, बरगडी, टाळू, पडजीभ, पाणथरी असे ठसठशीत शब्द मराठीच्या ओट्यावर असताना ते माजघरात ढकलले गेले आणि नडगीच्या हाडासाठी ‘अंतर्जंघास्थी’ उभी राहिली. त्यामुळे मराठी परिभाषा म्हणजे इंग्रजीहून अवघड भाषा, असा समज झाला. वेदनेच्या शब्दांत तर मराठीची श्रीमंती अशी की इतिहास विचारणाऱ्या डॉक्टरला तिचा हेवा वाटावा. ठणका, कळ, चमक, उसण, मुरडा, ठसठस, जळजळ, चुरचुर, रग, पेटका यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारचे दुखणे सांगतो, आणि कित्येकदा वेगळ्या अवयवाकडे बोट दाखवतो. गळू ठणकते, मूतखड्याची कळ येते, कंबरेत उसण भरते. उत्तम इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकलेल्या डॉक्टरला यांतले पाचही शब्द माहीत नसतील तर त्याच्या निदानाचे एक साधन बोथट आहे, असे म्हटले पाहिजे.

उलट्या बाजूने रुग्णांनीही इंग्रजी शब्दांशी मनमानी केली आहे. ‘मला थायरॉईड आहे’, ‘ह्यांना प्रोस्टेट झाला’, ‘मुलाला अपेंडिक्स झाले’ ही वाक्ये आता सुशिक्षित घरांतही सहज बोलली जातात. थायरॉईड म्हणजे गळ्यातली अवटू ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. नसली तर काळजी! अवयवाचे नाव आजाराला चिकटले की तो अवयव काय काम करतो हा प्रश्नच मनातून निघून जातो, आणि तो काढून टाकणे हाच उपाय वाटू लागतो.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल त्यांनी बीड आठवावे. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादमाकडून होणारी दंडवसुली, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे, खासगी दवाखान्यांचा नफा, ही सारी कारणे त्या वेळी चर्चेत आली आणि ती खरीच आहेत. एका कारणाची मात्र चर्चा झाली नाही, ते म्हणजे ‘पिशवी’ हा शब्द.

ग्रामीण आणि शहरी महाराष्ट्रात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. शब्द वाईट नाही. गर्भाशय आकाराने पिशवीसारखेच असते. पण पिशवी ही सामान ठेवण्याची वस्तू. सामान ठेवून झाले, म्हणजे दोन-तीन लेकरे झाली, की रिकामी पिशवी कशाला बाळगायची? ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पुढे कॅन्सर होईल’ या तीन वाक्यांवर तिशीतल्या बायका शस्त्रक्रियेला तयार झाल्या. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार पुष्कळदा साध्या औषधाने बरी होण्यासारखी असते, पण ‘खराब पिशवी’ शिवून आणता येत नाही.

त्याहून घातक गोष्ट अशी की ‘पिशवी’ या एका शब्दात दोन निरनिराळे अवयव बुजून जातात. गर्भाशय वेगळे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना असणारी बदामाएवढी बीजांडे तयार करणारी अंडाशये वेगळी. गर्भ वाढवणे हे गर्भाशयाचे काम. अंडाशय मात्र संप्रेरके तयार करतात. त्यांतले इस्ट्रोजेन हाडांची बळकटी राखते, रक्तवाहिन्यांवर आणि झोपेवरही त्याचा परिणाम असतो. गर्भाशय काढले आणि अंडाशये ठेवली तर पाळी थांबते, पण संप्रेरके चालू राहतात. दोन्ही अंडाशये काढली तर तिशीतल्या स्त्रीला एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होण्याची प्रक्रिया वीस वर्षे आधी सुरू होते. जिला रोज उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या आहेत तिच्यासाठी हा फरक म्हणजे तिची पुढची सारी कमाई. ‘पिशवी काढली’ म्हणणाऱ्या बाईला आपली अंडाशये आत आहेत की नाहीत, हे विचारून पाहा. प्रस्तुत प्रतिनिधीने विचारले आहे. बहुतेकींना तो प्रश्नच समजला नाही.

अर्थात, शब्द सुधारला म्हणून नफेखोर डॉक्टर सुधारत नाही, आणि मुकादम तर नाहीच. बीडमध्ये जो काही आळा बसला तो खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातल्यामुळे. पण परवानगीच्या कागदावर सही करणारी बाई कशाला संमती देते, हा प्रश्न कायद्याचाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल याच विषयावरचा आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशये तिच्या आईची संमती घेऊन काढली गेली होती. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते, तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नव्हता, म्हणून ती संमती वैध नाही, असे न्यायालयाने ठरवले. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आता पुरेशी माहिती कोणत्या शब्दांत द्यायची? संमतिपत्राच्या मराठी प्रती अनेक ठिकाणी असतात. त्यांत ‘गर्भाशय-उच्छेदन’ असते किंवा देवनागरीत ‘हिस्टरेक्टॉमी’ असते. पहिले वकिलाला कळते, दुसरे डॉक्टरला.

या पार्श्वभूमीवर मराठीतून एमबीबीएसच्या चर्चेकडे पाहावे लागते. मध्य प्रदेश सरकारने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते भोपाळमध्ये हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित केली. विषय होते शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, म्हणजे पहिल्या वर्षाचे तिन्ही. महाराष्ट्रातही त्याच सुमारास मराठी पर्यायाची घोषणा झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा मंजूर केल्यावर या मागणीला भावनेचे बळ मिळाले. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते हेही खरे. त्यामुळे मराठीतून प्रवेश मिळवलेला मुलगा पहिल्या दिवशी इंग्रजी ग्रंथांच्या समुद्रात ढकलला जातो, ही तक्रार रास्त आहे. पहिल्या वर्षी हुशार मुले नापास होतात ती शरीररचनेमुळे की इंग्रजीमुळे, हे त्यांच्या शिक्षकांना विचारावे.

मध्य प्रदेशच्या पुस्तकांची टिंगल झाली ती त्यांतल्या देवनागरीत लिहिलेल्या इंग्रजी संज्ञांमुळे. आमच्या मते तोच त्यांतला शहाणपणाचा भाग आहे. डॉक्टरला पुढे जगभरचे संशोधन वाचायचे आहे. त्याला ‘फीमर’ला ‘ऊर्वस्थी’ म्हणायला लावून काहीही साधणार नाही. वाक्य मराठीत असावे, समजूत मराठीत असावी, नाव आंतरराष्ट्रीय राहू द्यावे. मात्र इथेच थांबणारी मंडळी प्रश्नाचा अर्धाच भाग पाहतात. डॉक्टरला परिभाषा एक लागते आणि रुग्णाशी बोलायची भाषा दुसरी, आणि दोन्हींमध्ये पूल लागतो. मराठी माध्यमाच्या घोषणा डॉक्टर घडवण्याबद्दल आहेत, तर मराठीची खरी निकड खाटेवरच्या माणसाला आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, बालभारती, विश्वकोश आणि भाषा संचालनालय यांनी एकत्र बसून शरीराच्या दीड-दोनशे मूलभूत शब्दांपुरता तरी एक तक्ता ठरवावा: डॉक्टरचा शब्द, शाळेचा शब्द, लोकांचा शब्द, आणि लोकांचा शब्द जिथे दोन गोष्टी एकत्र करतो तिथे खूण. शीर, मज्जा, स्नायू, पिशवी, पोट. ‘पोट’ तर घ्याच. जठर, आतडी, ओटीपोट आणि गर्भारपण इतके सारे त्या दोन अक्षरांत राहते. याला नवा कोश लागत नाही, नवे मंडळ तर नकोच. वृत्तपत्रांनीही तो तक्ता पाळावा.

असा तक्ता न बनवताही काही ठिकाणी काम चालते. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात गेल्या वर्षी एक परिचारिका पाहिली. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बाईच्या केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला तिने बॉलपेनने एक पिशवी काढली आणि दोन्ही अंगांना दोन लहान गोल. पिशवीवर फुली मारली. मग गोलांवर बोट ठेवून म्हणाली, ह्या गाठी नाहीत, हे अंडाशय, ते ठेवायचे आहेत. बाईने कागद उलटसुलट करून पाहिला, नवऱ्याला दाखवला, आणि हे दोन काढले तर काय होते, असे विचारले. परिचारिका तिच्या शेजारी खाटेवर बसली आणि सांगू लागली.